बी.कॉम.ची तीन वर्षे कशी आखावीत?

मंडळी, बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस गावात एकच विषय असतो. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या माणसांच्या घोळक्यात जो तो विचारतो, "काय, पोराला कुठं घातलं?" आणि उत्तर येते, "सायन्स झेपणार नाही म्हणाला, आर्ट्सला जाऊन काय करणार, म्हणून घातला कॉमर्सला."

हा "घातला" शब्द मोठा बोलका आहे. घालणारे आपण, जाणारा मुलगा. तो का जातो, कुठे पोहोचणार, हे त्याला कुणी विचारलेले नसते. त्यानेही स्वतःला विचारलेले नसते. तीन वर्षे जातात, पदवीचा कागद हाती येतो, आणि पारावरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. फक्त आता तो थोडा बदललेला असतो: "झालं ना बी.कॉम.? मग आता पुढं काय?"

आज या तीन वर्षांविषयीच आपणांशी बोलावयाचे आहे. घरात बी.कॉम.ला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आईवडिलांनी हे वाचावे. शिक्षकांनी तर जरूर वाचावे, कारण खेड्यातल्या मुलाला विचारायला दुसरे कोण आहे? सांगावयाची गोष्ट थोडक्यात अशी: पहिल्या वर्षी चाखून पाहावे, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वाट ठरवावी, आणि वाट ठरवतानाच ती कुठवर चालावयाची, हेही ठरवून ठेवावे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. तिच्यापाशी आपण शेवटी येऊ.

ही शाखा उरलेल्यांची नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू या. कॉमर्स म्हणजे ज्याला दुसरे काही जमत नाही त्याची जागा, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. पुण्याचे बृहन् महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालचे. त्या काळी ही विद्या शहरातल्या पेढ्यांची, गिरण्यांची आणि बँकांची समजली जाई. खेड्याचा तिच्याशी काय संबंध, असेच कुणालाही वाटले असते.

पण पुढे काय झाले पाहा. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. ऊस पिकवणे शेतकऱ्याला येतच होते. पण कुणाचा ऊस किती आला, उचल किती दिली, कापायचे किती, द्यायचे किती, बँकेचे व्याज किती, हा हिशेब चोख ठेवल्यावाचून कारखाना एक हंगामही चालला नसता. पुढे दूध संघ आले, पतसंस्था आल्या, विकास सोसायट्या वाढल्या. २००२ सालच्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांची वाट मोकळी झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तालुक्याच्या पेठेतल्या व्यापाऱ्यालाही विवरणपत्र भरणे आले. सांगायचे ते इतकेच, की हिशेब जाणणाऱ्या माणसाची गरज आता खेड्याच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली आहे. हिशेब चुकला म्हणून किती संस्था बुडाल्या, आणि त्यांच्याबरोबर कुणाकुणाच्या ठेवी बुडाल्या, हे आपणांस मी वेगळे सांगायला नको.

श्रेयांक म्हणजे काय?

आता अभ्यासक्रमाकडे वळू. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून नवी रचना आली. तिच्यात "क्रेडिट", मराठीत "श्रेयांक", हा शब्द वारंवार येतो. पालकांना तो बुजवतो. पण त्यात अवघड काही नाही.

पंधरा तास वर्गात बसून शिकले की एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांचा एक. एका सत्राला, म्हणजे सहामाहीला, २२ श्रेयांक. सहा सत्रांचे झाले १३२, की तीन वर्षांची पदवी. चौथे वर्षही केले तर १७६ श्रेयांकांची ऑनर्स पदवी मिळते, आणि मग पुढचे एम.कॉम. दोन वर्षांऐवजी एका वर्षात होते. मिळवलेले श्रेयांक "अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स" नावाच्या खात्यात जमा होतात. पैशाची बँक जशी, तशीच ही श्रेयांकांची.

खेड्यातल्या घरांसाठी यात एक मोठी सोय आहे. ती नीट ध्यानात घ्यावी. पूर्वी पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटले, की हाती काहीच राहत नसे. आता पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचे कामाचे प्रशिक्षण पुरे केले तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर याच रीतीने पदविका मिळते. शिवाय सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा येऊन राहिलेले शिक्षण पुरे करता येते. सारे मिळून सात वर्षांत संपवले म्हणजे झाले. दुष्काळ पडला, वडील आजारी पडले, मुलीचे लग्न ठरले, अशा कारणांनी किती शिक्षणे अर्ध्यात तुटतात! ती तुटू नयेत हे उत्तम. पण तुटलीच तर गाठ मारायला दोरा आता शिल्लक असतो. लग्नाची बोलणी करतानाच "राहिलेले वर्ष आमची मुलगी पुरे करील" एवढे वाक्य मुलीच्या बापाने बोलून ठेवावे.

आता या श्रेयांकांवरून मुलाच्या वेळेचा जमाखर्च मांडू. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे. २२ श्रेयांकांचे वर्गातले तास होतात ३३०, म्हणजे आठवड्याला २२. प्रात्यक्षिके असली तर थोडे अधिक. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांतून झोपेचे ५६ वजा करा. वर्गाचे २२. एस.टी.ने जाण्यायेण्याचे रोज दोन धरले तर सहा दिवसांचे १२. घरच्या कामाचे, गुरांचे, शेताचे रोज दोन, म्हणजे १४. आंघोळ, जेवण, इकडचे-तिकडचे रोज तीन, म्हणजे २१. बेरीज झाली १२५. बाकी राहिले ४३ तास.

पाहिलेत? "सर, वेळच मिळत नाही" असे म्हणणाऱ्या मुलाकडेही आठवड्याला ४३ तास शिल्लक निघतात. हा हिशेब मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आकड्यांनी मांडावा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा पहिला ताळेबंद हाच. या तासांतले निम्मे जरी कारणी लागले, तरी पुढच्या साऱ्या वाटा मोकळ्या होतात. आणि ते कुठे जातात हे ठाऊक असतानाही, हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवून आपण मुलाला बोलतो तेवढेच. त्याला वही काढून हिशेब मांडायला कुणी लावत नाही.

पहिले वर्ष: चाखून पाहण्याचे

पहिल्या वर्षी मुलाला "तू पुढे काय होणार?" म्हणून छळू नये. त्याला ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असल्याचे सोंग आणायला लावण्यात अर्थ नाही. त्या वर्षी त्याने एकच शोधावे: मला हिशेबात गोडी आहे की नाही? कायद्यात आहे? माणसांशी बोलून माल विकण्यात आहे? की आकड्यांवरून अंदाज बांधण्यात?

हे पुस्तकावरून कळत नाही. आसपासच्या व्यवहारावरून कळते. एक साधा प्रयोग सांगतो. घरात गाय असेल तर डेअरीचे दहा दिवसांचे बिल मुलाच्या हाती द्या. समजा, दहा दिवसांत ९० लिटर दूध घातले, फॅट आणि एस.एन.एफ. पाहून लिटरला ३४ रुपये दर पडला. झाले ३,०६० रुपये. त्यातून पशुखाद्याचे १,५०० आणि गाईच्या कर्जाच्या हप्त्याचे ८०० कापले गेले. हाती आले ७६० रुपये. आता मुलाला विचारा, "गाईत नफा किती?"

बहुतेक मुले म्हणतील, ७६०. मग त्याला एकेक पायरी दाखवावी. हप्त्यातली मुद्दलाची फेड हा खर्च नव्हे, ते देणे फेडणे झाले. खर्च धरायचा तो व्याजापुरता. उलट, घरच्या रानातला चारा बिलात दिसत नाही, पण तो फुकटही नाही; दहा दिवसांचा ९०० रुपयांचा धरू. गाय ६० हजारांना आणली आणि सहा वर्षे दूध देईल असे मानले, तर वर्षाला १० हजार रुपये तिची किंमत झिजते; दहा दिवसांची झीज सुमारे २७४ रुपये. यालाच पुस्तकात घसारा म्हणतात. आता मांडा: ३,०६० मधून १,५००, ९०० आणि २७४ वजा केले की उरतात ३८६. आणि कर्जाचे व्याज, आईची पहाटे पाचची मेहनत, ही अजून धरलेलीच नाहीत.

हा हिशेब करताना ज्या मुलाचे डोळे चमकतील, जो लगेच म्हणेल, "मग म्हशीचा काढून पाहू या का?", त्याला लेखाकर्मात गोडी आहे असे खुशाल समजावे. ज्याला "दूध डेअरीला न घालता तालुक्याला हॉटेलात घातले तर?" असे सुचेल, तो व्यापाराचा माणूस. ज्याला "ही कपात कुठल्या नियमाने केली?" असा प्रश्न पडेल, त्याला कायदा मानवेल. आणि ज्याला जांभई येईल, त्यालाही नावे ठेवू नयेत. त्यालाही काहीतरी कळलेच की! पहिल्या वर्षीच कळले हे उत्तम.

याच वर्षी दोन हत्यारे मात्र प्रत्येकाने कमवावीत. एक टंकलेखन, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. राज्याच्या कर सहायक पदासाठी मराठीचा मिनिटाला ३० आणि इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग मागतात. मुलगा लेखी परीक्षेत तरतो आणि इथे अडतो. दुसरे, संगणकावरचे हिशेब: टॅली आणि एक्सेल. ही दोन्ही तालुक्याच्या गावी शिकता येतात. त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईस जावे लागत नाही.

दुसरे वर्ष: फाट्यावर

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुलगा फाट्यावर येतो. इथे चार वाटा फुटतात. प्रत्येकीची माहिती थोडक्यात देतो.

पहिली वाट व्यावसायिक परीक्षांची: सी.ए., सी.एम.ए. आणि सी.एस. सनदी लेखापालांची संस्था १९४९ सालच्या कायद्याने स्थापन झाली, परिव्ययलेखापालांची १९५९ च्या, आणि कंपनी सचिवांची १९८० च्या. सी.ए.विषयी घरोघरी कुतूहल असते, म्हणून तेवढे खोलात सांगतो. २०२३ साली तिची रचना बदलली. आता फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीजिएटचे सहा, मग सी.ए.च्या कार्यालयात दोन वर्षे आर्टिकलशिप, आणि शेवटी फायनलचे सहा. फाउंडेशनच्या तयारीचे ४ महिने, इंटरचे ८, आर्टिकलशिपचे २४ आणि त्यानंतर फायनलच्या अभ्यासाचे ६, असे एकूण ४२ महिने होतात. पण हे केव्हा? कुठेही न अडखळता पास झाला तर. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. चांगली चांगली मुले दोनदा-तीनदा बसतात. आर्टिकलशिपमध्ये नोकरीसारखे रोज जावे लागते, हेही आधी ठाऊक असावे.

यात एक बारकावा आहे. बारावीनंतर फाउंडेशन जमले नाही म्हणून पुष्कळ मुले सी.ए.चे नाव टाकतात. परंतु वाणिज्य शाखेची पदवी ५५ टक्क्यांनी मिळवली, तर फाउंडेशन न देता सरळ इंटरला नाव नोंदवता येते. इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. म्हणजे पहिल्या वर्षापासूनच्या गुणांना किंमत आहे. "पास झालो की बस" म्हणणारा मुलगा ५२ टक्क्यांवर थांबतो आणि हे दार आपल्याच हाताने लावून घेतो.

दुसरी वाट स्पर्धा परीक्षांची. सरकारी बँकांच्या सामायिक परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. लिपिक वर्गासाठी वय २० ते २८, अधिकारी पदासाठी २० ते ३०. मागास प्रवर्गांना सवलत असते. स्टेट बँक आपली परीक्षा निराळी घेते. लिपिकाच्या पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. तिथे ज्ञानाइतकीच हाताची चपळाई लागते, आणि ती एका महिन्यात येत नाही. तिच्यासाठी दुसऱ्या वर्षापासून रोज तासभर सराव पाहिजे. राज्यसेवेच्या परीक्षेलाही कोणतीही पदवी चालते. तिची मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी, वर्णनात्मक उत्तरांची झाली आहे. तेव्हा ज्याला मराठीत चार पाने मुद्देसूद लिहिता येत नाहीत, त्याने आधी ते शिकावे.

तिसरी वाट सहकाराची आणि गावच्या अर्थव्यवहाराची. ही जवळची, पण हिच्याकडे कुणी पाहत नाही. आपल्या राज्याचे सहकार खाते "शासकीय सहकार व लेखा पदविका" नावाची परीक्षा घेते. लोक तिला जी.डी.सी. अँड ए. म्हणतात. ती वर्षातून एकदा होते आणि कोणत्याही पदवीधराला देता येते. ती पास होऊन ठराविक अनुभव घेतला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामिकेवर येण्याची वाट मोकळी होते. गावोगाव सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था आहेत; दरवर्षी प्रत्येकीचे लेखापरीक्षण व्हावेच लागते. शिवाय वस्तू व सेवा कराच्या कायद्यात वाणिज्य पदवीधराला "जी.एस.टी. प्रॅक्टिशनर" म्हणून नाव नोंदवण्याची सोय आहे. या वाटेवर खर्च थोडा आणि घर सोडावे लागत नाही. मात्र अनुभवी माणसाच्या हाताखाली पहिली दोन-तीन वर्षे थोड्या पैशांत काढावी लागतात.

चौथी वाट व्यवस्थापनाची, म्हणजे एम.बी.ए.ची, किंवा स्वतःच्या धंद्याची. एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येतात. माझे मत विचाराल, तर आधी एक-दोन वर्षे कुठेतरी काम करावे आणि मग जावे. ज्याने दुकान चालवून पाहिले आहे त्याला दुकानावरचे व्याख्यान लवकर समजते. ज्यांना बारावीनंतर थेट व्यवस्थापनाची पदवी, बी.बी.ए. किंवा बी.एम.एस., हवी असेल, त्यांनी हे लक्षात ठेवावे की २०२४ पासून महाराष्ट्रात तिलाही सामायिक प्रवेश परीक्षा आहे आणि तिचा अर्ज बारावीत असतानाच भरावा लागतो.

कुठलीही वाट धरली, तरी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे जे श्रेयांक असतात, ते त्याच वाटेवर खर्च करावेत. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. हे तास ओळखीच्या दुकानातून सही-शिक्क्याचा कागद आणून भरून काढणारी मुले आहेत. त्यांनी स्वतःचेच नुकसान केले. सी.ए. व्हायचे त्याने सी.ए.च्या कार्यालयात ते काढावेत. सहकारात जायचे त्याने पतसंस्थेत. १२० तासांत कळते की हे आपले काम आहे की नाही.

परतीची खूण

आता त्या अवघड गोष्टीकडे येतो.

एक मुलगा माझ्या पाहण्यातला आहे. चार एकर कोरडवाहू, घरात दोन बहिणी. बी.कॉम. झाला आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास गेला. खोलीचे भाडे, खाणावळ, अभ्यासिका, क्लासची फी. पहिल्या खेपेस पाच गुणांनी गेला. दुसऱ्या खेपेस पूर्वपरीक्षा पार केली, मुख्य परीक्षेत राहिला. फोनवर तो वडिलांना म्हणे, "आबा, आता जवळ आलंय. अजून एकदाच बसतो." वडील म्हणत, "बस बाबा. एवढं झालं, मग एकासाठी कशाला मागं सरतोस?" असे "अजून एकदा" पाच वर्षे चालले. आईचे डोरले गेले. धाकटीचे शिक्षण बारावीवर थांबले. मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी परत आला. तो आळशी नव्हता. बापही चुकीचा म्हणता येणार नाही. दोघांनीही एकमेकांच्या मायेपोटी थांबायचे कुठे, हे कधी बोलून घेतले नव्हते, एवढेच.

त्याच वर्गातली एक मुलगी. तिलाही बँकेत जायचे होते. तिने निघतानाच घरी सांगितले, "दादा, मी दोनदा बसणार. नाही जमलं तर जी.डी.सी.चा फॉर्म भरणार." दोनदा बसली, नाही जमले. रडली असेल, नाही असे नाही. पण ठरल्याप्रमाणे तिने पदविका केली, एका लेखापरीक्षकाकडे हाताखाली राहिली, आणि आज तीनचार संस्थांचे हिशेब तिच्याकडे आहेत. "बँकेची रुखरुख अजून वाटते," असे ती म्हणते. वाटू दे. रुखरुख वाटते, पण घर उभे आहे.

मंडळी, वाणिज्याच्या पहिल्याच पुस्तकात एक नियम शिकवतात. जे कर्ज वसूल होणार नाही, ते बुडीत खाती टाकावे. वहीत येणे म्हणून ओढत ठेवू नये, नाहीतर ताळेबंद खोटा होतो. आणि दुसरा नियम: खर्च होऊन गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नये, पुढे काय मिळणार आणि पुढे काय लागणार, एवढेच पाहावे. "एवढं झालं, मग आता कशाला सोडायचं" हे वाक्य या नियमाच्या अगदी उलट आहे. परीक्षेत मुले हा नियम बरोबर लिहितात आणि त्याचे गुणही मिळवतात. स्वतःच्या आयुष्याला तो लावायचा असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वाट ठरेल, त्या दिवशी मुलाने एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. कोणती वाट? किती वेळा बसणार, किंवा कुठल्या तारखेपर्यंत? घरातून जास्तीत जास्त किती पैसे घेणार? आणि नाही जमले तर दुसरी वाट कोणती? त्याखाली मुलाची सही, आईची सही, वडिलांची सही. कागद देवघरात किंवा पेटीत ठेवावा. ती वेळ आली की तिघांनी बसून तो वाचावा. बदल करावयाचा असेल तर तोही उघडपणे, लिहून करावा. फोनवर गहिवरून नव्हे. ठरलेल्या खुणेपाशी परत फिरणे म्हणजे हरणे नव्हे. पाऊस लांबला की शेतकरी दुबार पेरणीत दुसरे पीक घेतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. उलट, हंगाम सांभाळला म्हणून शहाणा म्हणतात.

शिक्षकांना दोन शब्द

शिक्षक बंधुभगिनींनो, यातले पुष्कळसे आपल्या हाती आहे. शहरातल्या मुलाचा मामा बँकेत असतो, काका सी.ए. असतो, विचारायला माणूस घरातच असतो. आपल्या मुलाचा मामा आणि काका तुम्हीच.

तीन गोष्टी कराव्यात असे सुचवतो. पहिली, फलकावर एक बारमाही पंचांग लावावे: कुठला अर्ज कुठल्या महिन्यात निघतो, अट काय, फी किती. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांच्या मुदतीही त्यात याव्यात, कारण गुण असूनही केवळ तारीख चुकली म्हणून पैसे गमावणारी मुले दरवर्षी निघतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या "कमवा आणि शिका" या विचाराची योजना आपल्या विद्यापीठात असेल, तर तिचीही माहिती द्यावी. दुसरी, सत्रातून एकदा एका माणसाला वर्गात बोलवावे: सोसायटीचे सचिव, बँकेचे शाखाधिकारी, लेखापरीक्षक, पेठेतला एखादा व्यापारी. भाषण नको; "तुमचा कालचा दिवस कसा गेला ते सांगा" एवढेच म्हणावे. तिसरी, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येक मुलाशी पंधरा मिनिटे एकट्याने बोलावे आणि तो चार ओळींचा कागद त्याच्याकडून लिहवून घ्यावा. साठ मुलांचे पंधरा तास होतात. हिशेबाने पाहिले तर एका श्रेयांकाइतका वेळ!

आणि पालकांना एवढेच सांगणे आहे. या वर्षी निकालानंतर कुणी विचारले, "पोराला कुठं घातलं?", तर "घातला नाही, तो बी.कॉम.ला गेलाय, पहिलं वर्ष बघतोय, दुसऱ्या वर्षी ठरवणार आहे" असे उत्तर देता यावे. संध्याकाळी डेअरीचे बिल आले की ते खिशात घडी करून ठेवू नका. मुलाला हाक मारा, शेजारी बसवा आणि म्हणा, "सांग बघू, नफा किती?"